फ्रीजचा गॅस संपत नाही, गळतो

सख्यांनो, फ्रीज गार करेना म्हणून मिस्त्री बोलावला की त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं: "गॅस संपलाय, भरावा लागेल." आत गटाचं दही-पनीर असतं, आपणही घाईनं हो म्हणतो. पण हा गॅस शेगडीच्या गॅससारखा वापरून संपत नाही. बंद नळ्यांतून तोच तो वर्षानुवर्षं फिरत राहतो. कमी झालाय म्हणजे कुठेतरी गळतोय. गळती न शोधता भरला तर पुन्हा जाणार, आणि पैसे आपलेच.

मिस्त्रीच्या आधी आपण बघायचं. दारात कागद धरून दार लावा. कागद अलगद निघून आला तर रबर सैल झालंय. प्लग काढून मागच्या जाळीवरची धूळ झाडा. कितीदा तरी एवढ्यानंच काम भागतं.

गळतीच निघाली, तर कोणता गॅस भरायचा? फ्रीजच्या मागे किंवा आत एक पट्टी असते. तिच्यावर गॅसचं नाव आणि वजन ग्रॅममध्ये लिहिलेलं असतं. 'आर-१३४ए' असेल तर तोच, 'आर-६००ए' असेल तर तोच. आर-६००ए पेट घेतो, म्हणून कॉम्प्रेसरवर ज्वाळेचं चित्र असतं. त्या फ्रीजच्या नळ्यांत गॅस असताना जवळ ज्योत नको.

पट्टीवर 'आर-१२' दिसला तर फ्रीज फार जुना. हा गॅस ओझोनचा थर विरळ करतो, म्हणून १९८७च्या माँट्रियल करारानंतर तो टप्प्याटप्प्यानं बंद झाला. त्याजागी आर-१३४ए नुसता भरून चालत नाही. जुन्या कॉम्प्रेसरचं तेल त्यात मिसळत नाही आणि कॉम्प्रेसर निकामी होऊ शकतो. एवढा खर्च करण्यापेक्षा माझ्या मते तो फ्रीज भंगारात द्यावा. गटाचं कर्ज काढायचंच तर नव्यासाठी काढा.

"सिलिंडरचाच गॅस भरतो, स्वस्तात होईल," असं कुणी म्हणालं तर सरळ नाही म्हणा. त्यातला ओलावा बारीक नळीत गोठून बसतो. शिवाय तो फ्रीजच्या आत गळून साचला, तर थर्मोस्टॅटची किंवा दिव्याच्या बटणाची एक ठिणगी पुरते. आणि फ्रीज असतो कुठे? आपल्या स्वयंपाकघरात.

बिलावर चार गोष्टी लिहून घ्या: गळती कुठे होती, ड्रायर बदलला का, व्हॅक्यूम केलं का, कोणता गॅस किती ग्रॅम भरला. गॅस काट्यावर मोजून भरतात, अंदाजानं नाही. काटा आणलाय का, हे काम सुरू होण्याआधीच विचारा.