भत्ता पोस्टिंगचा, हप्ता माझा

ऑगस्ट 2017 मध्ये अंगोलातलं पोस्टिंग संपवून लुआंडाहून निघालो तेव्हा दोन कागद हँडबॅगेत जपून ठेवले होते. एक पीतज्वराच्या लशीचं पिवळं कार्ड. अंगोलातून येणाऱ्याकडे ते नसलं तर विमानतळावरूनच विलगीकरणात रवानगी. दुसरा कागद एलपीसी, म्हणजे शेवटच्या पगाराचा दाखला. पहिल्याची मला धास्ती होती, म्हणून तो दहा वेळा तपासला. दुसरा मात्र विमानात बसल्यावरच नीट वाचला. परदेश भत्ता कोणत्या तारखेपर्यंत दिला, ते त्यावर लिहिलं होतं. पुण्यात वाकडला घेतलेल्या फ्लॅटचे हप्ते मात्र त्या तारखेनंतर आणखी अठरा वर्षं चालणार होते.

परदेश भत्त्याला आमच्या परराष्ट्र खात्यात एफए म्हणतात. पोस्टिंगचं पत्र आलं की ‘देश कुठला?’ याच्या पाठोपाठ ‘एफए किती?’ हा प्रश्न ठरलेला. राहायला सामानसुमानासकट सरकारी घर, भाड्याची चिंता नाही. भत्ता डॉलरमध्ये, माझ्या बाबतीत पगाराच्या दुपटीहून जास्त. त्यातून तेव्हा लागू असलेल्या आयकर कायदा 1961 च्या कलम 10(7) प्रमाणे तो करमुक्त. दिल्लीच्या डेस्कवर वर्षानुवर्षं महिनाअखेर मोजलेल्या माणसाचं डोकं फिरायला एवढं पुरतं.

भत्ता एवढा का होता, हे लुआंडातल्या पहिल्याच आठवड्यात कळायला हवं होतं. परदेशी माणसांसाठी जगातल्या सर्वांत महागड्या शहरांच्या यादीत 2014 आणि 2015 ही दोन्ही वर्षं हे शहर पहिलं होतं. वीज गेली की जनरेटर, नळ आटला की टँकर, ताप आला की आधी मलेरियाची तपासणी. 2015 च्या डिसेंबरात शहरालगतच्या व्हियानामध्ये पीतज्वराची साथ सुरू झाली, तेव्हा मुलीला महिनाभर खाली खेळायला सोडलं नव्हतं. डोक्यावर घमेलं घेऊन दारोदार फिरणाऱ्या भाजीवालीला तिथं झुंगेइरा म्हणतात. तिच्याशी आमच्या सौं.चं पहिल्या दिवसापासून जमलं, कारण बटाटा, कोबी, पाव, अननस हे शब्द पोर्तुगीजांनी आपल्यालाही दिलेत आणि त्यांनाही. भाव ऐकल्यावर मात्र दोघींची भाषा तुटायची.

तरीही शिल्लक पडत होती. तेलाचे भाव कोसळल्यावर क्वांझा घसरला. 2014 मध्ये डॉलरला शंभराच्या आसपास होता, तो 2016 मध्ये 166 वर गेला. मिळकत डॉलरमध्ये आणि बराचसा खर्च क्वांझात. महागाई मागून धावत येत होतीच, पण ती गाठेपर्यंत मला आपण श्रीमंत झाल्यासारखं वाटायचं.

2015 च्या दिवाळीत सुटीवर पुण्यात आलो आणि फ्लॅट बुक केला. बँकेतल्या बाबूने फॉर्म 16 पाहून मान हलवली. म्हणाला, “यावर इतकं कर्ज बसत नाही.” तिथंच उठायला हवं होतं. मी मात्र हौसेने भत्त्याचं पत्र काढून दाखवलं. त्याचा चेहरा उजळला, माझाही. 40 लाख, वीस वर्षं, साडेनऊ टक्के, हप्ता 37,285. माझी खरी कमाई किती, हे फॉर्म 16 सांगत होता आणि आम्ही दोघांनी मिळून त्याला गप्प बसवलं.

अमेरिकन दूतावासातल्या ओळखीच्या एका कर्मचाऱ्याने एकदा त्यांची पद्धत सांगितली होती. त्यांच्याकडे महागाईची भरपाई वेगळी आणि ती करमुक्त. पोस्टिंगच्या जागी होणाऱ्या त्रासाबद्दलचा जादा मोबदला वेगळा, मूळ पगाराच्या 5 ते 35 टक्के, आणि त्यावर कर. माझ्या डोक्यात अशी फोड कधी झालीच नाही. सगळी रक्कम मी ‘पगार’ या एका खिशात टाकत गेलो. खरं तर राष्ट्रीय पेन्शन योजनेची (एनपीएस) वर्गणी, ग्रॅच्युइटी, रजेचं रोखीकरण हे सगळं मूळ पगार आणि महागाई भत्त्यावर चालतं. तीन वर्षांच्या एफएने त्यात एका रुपयाची भर टाकली नाही.

परतल्यावरचा हिशेब हा असा. मूळ पगार 47,600, महागाई भत्ता पाच टक्के, सातव्या वेतन आयोगाने दिल्लीसाठी ठरवलेला 24 टक्के घरभाडे भत्ता, प्रवास भत्ता. कपाती जाऊन हातात 57,000 च्या आसपास. हप्ता आणि दिल्लीतलं 14,000 भाडं वजा केलं की उरायचे पावणेसहा हजारांच्या आत-बाहेर, त्यात तिघांचा महिना. वाकडच्या बिल्डरने ताबा दिला नव्हता, त्यामुळे तिकडून भाडंही नाही. पुढचं पोस्टिंग लगेच मिळेल हे मीच मनाशी ठरवलं होतं. ऑफिसने तसं कधी म्हटलं नव्हतं.

सगळ्यात महाग पडला तो खर्च मी मांडलाच नव्हता. सौ. दिल्लीत एका खासगी शाळेत शिकवायच्या. जाताना राजीनामा दिला. परत आल्यावर सत्राच्या मध्येच मुलीसाठी शाळा शोधायची आणि तिच्या आईसाठी नोकरी! त्यांना नोकरी मिळायला दीड वर्ष लागलं, तीही कमी पगारावर. साठवलेले डॉलर तोवर हप्त्यांत विरघळले.

म्हणून आता कुणी विचारलं तर सांगतो: एफए वेगळ्या खात्यात जाऊ दे. जुनं कर्ज फेडायला तो उत्तम. पोस्टिंगच्या मुदतीत संपेल असं काहीही त्यातून कर. हप्ता मात्र परतल्यावरच्या पगारातून, दिल्लीचं भाडं वजा करून झेपेल तेवढाच. परतीनंतरच्या सहा महिन्यांचा खर्च आधीच बाजूला काढ. आणि बायकोने राजीनामा देण्याआधी बिनपगारी रजा लेखी मागून पाहावी. मिळाली नाही तर तिचा गेलेला पगार भत्त्यातून वजा करून मग भत्ता किती ते बोल.

गेल्या महिन्यात एका तरुण सहकाऱ्याचा फोन आला. “सर, हार्ड स्टेशन मिळालंय, एफए झकास आहे. बाणेरला फ्लॅट बघून ठेवलाय.”

“फॉर्म 16 वर आकडा किती?”

त्याने सांगितला.

“आणि सूनबाई काय करतात?”

“आयटीत आहे.”

पलीकडे थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग म्हणाला, “थांबा सर, पेन घेतो.”