ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची गळती : अनुभवाचे बोल

करूळ घाट चढून गगनबावड्यात आलं की गिअरबॉक्स चांगलाच तापलेला असतो. तापलेलं तेल पातळ होतं आणि एरवी लपलेली गळती तिथे उघड होते. मर्सिडीज डब्ल्यू १२३ हे १९७६ साली आलेलं मॉडेल. तशी जुनी ऑटोमॅटिक गाडी या घाटात सांभाळताना हाती लागलेल्या या गोष्टी.

१. आधी तेल ओळखा. गाडीखाली पांढरा पुठ्ठा ठेवा. लाल थेंब गिअरबॉक्सचा, काळा इंजिनाचा. पुष्कळ गाड्यांत पॉवर स्टिअरिंगलाही हेच लाल तेल असतं, म्हणून ती टाकीही बघा.

२. थेंब पडतो तिथेच गळती असते असं नाही. वाऱ्यानं आणि चढानं तेल मागे जातं. सर्वांत उंच आणि सर्वांत पुढचा ओला भाग शोधा.

३. धुतल्याशिवाय शोधू नका. इथल्या पावसात गाडीचा तळ कायम चिखलानं माखलेला असतो. उघडीप मिळाली की तळ धुवा, वाळवा, टाल्कम पावडर मारा आणि एक फेरी मारून या. लाल रेघ जिथून सुरू होते, तिथे गळती.

४. पातळी सपाट जागी, गिअरबॉक्स गरम, इंजिन चालू आणि लिव्हर पार्कमध्ये ठेवून बघा. डिपस्टिकच्या दोन खुणांमध्ये सुमारे ३०० मिलीलिटरचाच फरक असतो. तेल जास्त झालं तर फेसाळून ब्रीदरमधून बाहेर येतं.

५. बरेच दिवस उभ्या गाडीत टॉर्क कन्व्हर्टरमधलं तेल पॅनमध्ये उतरतं, पातळी चढते आणि लिव्हरच्या शाफ्टचं सील गळू लागतं. अशा वेळी वरून तेल ओतू नका.

६. सोप्या जागा आधी तपासा : पॅनचं पॅकिंग, कूलर पाइपचे जोड, डिपस्टिकच्या नळीची रिंग. पॅनचे बोल्ट जास्त आवळले तर कड वाकते आणि गळती वाढते. बेल हाउसिंगमधून लाल तेल आलं, तरच पुढच्या पंपाच्या सीलचा विचार करा; त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावाच लागतो.

७. जमिनीवर थेंब नाही, पण तेल घटतंय? व्हॅक्यूम मॉड्युलेटरची नळी काढून बघा. आत लाल तेल दिसलं तर पडदा फाटलाय आणि तेल इंजिनात ओढलं जातंय.

गाडीखाली शिरताना नुसत्या जॅकवर भरवसा ठेवू नका. भक्कम स्टँड लावा. आणि गिअरबॉक्स उतरवायला निघालेल्या मिस्त्रीला आधी गळतीची जागा बोटानं दाखवायला सांगा.