हाड घडवणाऱ्या पेशींची रोपवाटिका



सहावीच्या सामान्य विज्ञानात ‘आपली अस्थिसंस्था व त्वचा’ हा पाठ आहे. तो शिकवताना एक प्रश्न हमखास येतो: मोडलेलं हाड आपोआप जुळतं, मग ते बाहेर बरणीत का वाढवता येत नाही? यंदा पालकसभेत हाच प्रश्न वेगळ्या रूपात आला. एका पालकांच्या वडिलांचा खुबा झिजलाय. “स्टेम सेलचं इंजेक्शन घेतलं की नवं हाड येतं म्हणे. कर्ज काढून घेऊ का?”

घाईने उत्तर देण्याआधी पेशी समजून घेऊ.

हाड घडवणाऱ्या पेशींना ऑस्टिओब्लास्ट म्हणतात, जुनं हाड विरघळवणाऱ्यांना ऑस्टिओक्लास्ट. घडवणारी पेशी आधी कोलॅजन या प्रथिनाची जाळी विणते, मग त्या जाळीत कॅल्शियम आणि फॉस्फेटचे क्षार बसतात. वर्गात दाखवायचं तर कोंबडीच्या पायाचं स्वच्छ हाड काही दिवस व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा. क्षार विरघळतात आणि हाड रबरासारखं वाकतं. उरलेली असते ती जाळी.

प्रयोगशाळेतलं काम समजवायला भोर-वेल्ह्याच्या मुलांसाठी भातासारखं उदाहरण नाही. आपण राब भाजून रोप टाकतो, वाढलं की उपटून खाचरात लावतो. तसंच अस्थिमज्जेतून मूळ पेशी काढून ३७ अंश सेल्सिअसला पोषक द्रवात वाढवतात. बशीत दाटी झाली की सोडवून नव्या बशांत वाटतात. लावणी लांबलेल्या रोपाला फुटवे कमी येतात ना, तसं फार वेळा वाटलेल्या पेशींची हाड घडवायची ताकद कमी होते. या पेशी हाडाकडे वळाव्यात म्हणून द्रवात डेक्सामेथासोन, फॉस्फेट देणारं एक रसायन आणि क जीवनसत्त्व घालतात. हो, आवळ्यातलंच! त्याच्याशिवाय कोलॅजन नीट विणलं जात नाही. साधारण तीन आठवड्यांनी अलिझरिन रेड हा रंग टाकतात. जिथे कॅल्शियम बसलं, तिथे बशी लाल होते.

पण लाल बशी म्हणजे हाड नव्हे. खरं हाड भार सोसतं आणि त्यात रक्त फिरतं. म्हणून संशोधन आता सपाट बशीतून बाहेर पडलंय. कोलॅजनच्या किंवा हाडातल्याच क्षाराच्या सच्छिद्र साच्यात पेशी वाढवतात, द्रव वाहता ठेवतात, मुद्दाम दाब देतात. (भार नसला की अंतराळवीरांची हाडंही विरळ होतात, हे मुलांना फार आवडतं.) अडतं ते रक्तपुरवठ्यावर. रक्तवाहिनीपासून मिलिमीटरचा एक-दोन दशांश भाग दूर गेलं की पेशीला पुरेसा प्राणवायू मिळत नाही, त्यामुळे मोठ्या तुकड्याच्या गाभ्यातल्या पेशी मरतात. यावर उपाय म्हणून रक्तवाहिन्यांच्या पेशी सोबत वाढवून पाहतात.

पुण्यात विद्यापीठाच्या आवारातल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातही हाडावर काम झालंय. डॉ. मोहन वाणी यांच्या गटाने इंटरल्यूकिन-३ हे प्रथिन ऑस्टिओक्लास्ट तयार होणं रोखतं, हे २००३ मध्ये दाखवलं. तेच प्रथिन माणसाच्या मूळ पेशींना हाड घडवायला लावतं, हे २०१२ मध्ये.

आता त्या पालकांचा प्रश्न. रुग्णाच्याच अस्थिमज्जेतून वाढवलेल्या ऑस्टिओब्लास्टच्या उपचाराला भारतात २०१७ मध्ये मान्यता मिळाली. पण ती खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून हाड मरतं, त्या आजारासाठी. वयाने झिजलेला सांधा हा वेगळा आजार. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, रक्ताच्या ठरावीक आजारांमधलं प्रत्यारोपण सोडलं तर स्टेम सेलचा वापर नोंदणीकृत चाचणीतच व्हायला हवा. म्हणून मी त्यांना म्हटलं, दादा, आधी हाडांच्या डॉक्टरांकडून आजाराचं नाव कागदावर लिहून आणा. इंजेक्शनवाल्यांना मान्यतेचा कागद मागा, चाचणी आहे म्हणाले तर सीटीआरआयचा नोंदणी क्रमांक विचारा. कर्जाचं तोवर थांबू द्या.