आधी ते ४८ आकडे

फ्रीमाँटमधल्या घरातलं जेवणाचं टेबल. त्यावर भाचीचा २०२१ सालचा फ्रेमवर्क लॅपटॉप १३ आणि शेजारी दोन खोकी, एकात नवा मदरबोर्ड, दुसऱ्यात नवा डिस्प्ले.

भाची : मामा, मला फक्त प्रोसेसर बदलायचा होता. हा तर अख्खा बोर्ड आला!

मामा : अख्खाच येणार. प्रोसेसर बोर्डावर सोल्डर केलेला असतो. इंटेलच्या चौथ्या पिढीपर्यंत, म्हणजे २०१३ च्या सुमारापर्यंत, सॉकेटमध्ये बसणारे प्रोसेसर लॅपटॉपमध्येही असायचे. एक काढा, दुसरा बसवा. मग सगळ्यांना पातळ लॅपटॉपचं वेड लागलं. माझ्या आधीच्या लॅपटॉपची बॅटरी फुगली, तर ती आत डिंकाने चिकटवलेली! सर्व्हिस सेंटरमधला मुलगा म्हणाला, नवीनच घ्या. चांगला चालता कीबोर्ड, चालता पडदा, आणि म्हणे नवीन घ्या.

भाची : हो मामा, मागच्या रविवारीही सांगितलंस. माझ्या प्रबंधाचं काय होणार ते सांग.

मामा : सांगतो, दम धर. इथे प्रोसेसर सुटा मिळत नसला, तरी बोर्ड सुटा मिळतो. पंखा आणि हीटसिंक त्याच्यावर बसवूनच येतात, तेव्हा पेस्ट लावायची भानगड नाही. केस, कीबोर्ड, बॅटरी, एसएसडी सगळं जुनंच. रॅम मात्र नवी. तुझी डीडीआर४ आहे आणि या रायझन ७०४० च्या बोर्डाला डीडीआर५ लागते. खाच वेगळ्या जागी असते, जोर लावलास तरी बसायची नाही.

भाची : रॅम आणलीय. एसएसडी जुनीच, म्हणजे प्रबंध तसाच राहील ना?

मामा : फायली जागेवरच राहतील. उघडतील की नाही, हा खरा प्रश्न. तुझ्या विंडोजमध्ये बिटलॉकर चालू आहे?

भाची : मी तर कधी चालू केलं नाही.

मामा : तू न करताही चालू असू शकतं. डिस्कवरचा मजकूर कुलूपबंद असतो आणि त्याची किल्ली टीपीएम नावाचा भाग सांभाळतो. तो भाग जुन्या बोर्डाचा. नवा बोर्ड बसवलास की विंडोज तुला ओळखणारच नाही, ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागेल.

भाची : आणि ती नसली तर?

मामा : तर जुना बोर्ड परत बसवायचा. तो फेकून दिला असशील, तर प्रबंध गेला.

भाची : मामा!

मामा : म्हणून तर अजून स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला नाही. की मायक्रोसॉफ्टच्या खात्यात बघ, कागदावर उतर, आणि प्रबंधाची प्रत बाहेरच्या डिस्कवर घे. विंडोजचं लायसन्सही जुन्या बोर्डाशी बांधलेलं असतं, ते पुन्हा ॲक्टिव्हेट करावं लागेल.

भाची : ते बघू. पण लिहून घेताना एखादा आकडा चुकला तर?

मामा : दोघं मिळून ताडून पाहू. आता हा डिस्प्ले बघ. आकार तोच, साडेतेरा इंच. जुना २२५६ बाय १५०४, म्हणजे सुमारे ३४ लाख ठिपके. हा २८८० बाय १९२०, ५५ लाख. इंग्रजी वाचणाऱ्याला फरक कमी जाणवेल. पण आपला अनुस्वार, रफार, जोडाक्षरातला अर्धा र बघ! बारीक अक्षरात ‘द्ध’ आणि ‘द्व’ ओळखताना माझे डोळे दुखायचे. बॅटरी थोडी जास्त खाईल, तेव्हा १२० हर्ट्झ नको असतील तिथे ६० ठेव.

भाची : याचे कोपरे गोल का?

मामा : हे पॅनेल मुळात दुसऱ्याच कोणासाठी बनवलेलं होतं, कंपनीने तसं मोकळेपणाने सांगितलंय. मला आवडलं ते. चौकोनी कोपऱ्यांसाठी अडून बसले असते, तर हा पडदा तुझ्या हातात आलाच नसता.

भाची : आणि बसवायचा कसा?

मामा : भोवतीची चौकट चुंबकाने धरलेली आहे, नखाने निघते. खालचे पाच स्क्रू सैल कर, ते केसमध्येच अडकून राहतात, हरवत नाहीत. कीबोर्डचं झाकण मात्र झटक्यात उचलू नकोस, खाली केबल आहे. सगळ्यात आधी बॅटरी सोडवायची. वायफायच्या अँटेनाच्या दोन तारा मीच लावीन, त्यांची टोपणं मोहरीएवढी असतात.

भाची : जुना बोर्ड?

मामा : जपून ठेव. यूएसबी-सीने वीज दे, मॉनिटर जोड, बॅटरीशिवायही चालतो. घरचा सर्व्हर करू. पण तुझा प्रबंध उघडेपर्यंत त्याला हात लावायचा नाही.

भाची : खात्यात की सापडली. आठ गट आहेत, सहा-सहा आकड्यांचे. लिहून झाले.

मामा : आण कागद. तू पडद्यावरून वाच, मी कागदावर बघतो.

भाची : (वाचता वाचता थांबते) पाचव्या गटातला माझा सात एकासारखा दिसतो का रे?

मामा : दिसतो. तो गट खोड आणि पुन्हा लिही.