काळी आणि पांढरी

आधीच सांगते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. विषय मात्र अस्सल मराठी मातीतला आहे, अगदी शब्दशः!

आमचं गाव शिरूर तालुक्यात, घोड नदीजवळ. सहा वर्षांपूर्वी काकांनी गावठाणातलं जुनं घर सोडून मळ्यात बंगला बांधला. विहीर जवळ, डांबरी रस्ता जवळ, गाडी थेट दारात. आजोबा तेव्हा एवढंच म्हणाले, "काळीत पिकवायचं असतं रे, ऱ्हायचं पांढरीत." आम्ही सगळे हसलो. दुसऱ्याच वर्षी हॉलच्या भिंतीला तिरका तडा गेला. उन्हाळ्यात त्यात माझं बोट जायचं. कर्जाचे हप्ते अजून चालू आहेत.

पांढरी म्हणजे गावाची वस्तीची जागा आणि काळी म्हणजे शेतजमीन. जुन्या लोकांनी गाव वसवताना काय काय पाहिलं असेल?

१) पाणी : नदी किंवा ओढा जवळ हवा, कारण पाणी डोक्यावरून आणायचं. पण पूर घरात शिरू नये म्हणून जागा थोडी उंचावर.

२) जमीन : काळी जमीन ओल धरून ठेवते, म्हणून शेतीला उत्तम. ती अडवायची नाही, तिच्या कडेला मुरमाड उंचवट्यावर राहायचं.

३) संरक्षण : चोर-दरोडेखोरांच्या भीतीने घरं एकमेकांना चिकटून, शक्य तिथे भोवती गावकूस.

४) वाट आणि बाजार : धान्य विकायला, मीठ-लोखंड आणायला रस्ता हवाच.

अशा जागी पिढ्यान् पिढ्या चुलीची राख, शेण, पडलेल्या भिंतींची माती साचत गेली आणि माती फिकट झाली. म्हणून ती पांढरी! पुरातत्त्ववाले जुनी वस्ती शोधताना अशीच टेकाडं शोधतात.

आमच्याच तालुक्यातलं इनामगाव घ्या. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केलं. घोड नदीच्या काठी इ.स.पू. १६०० च्या सुमाराला शेतकरी राहायला आले होते. पुराचं पाणी शेताकडे वळवायला त्यांनी पाटसुद्धा खणला होता. पुढे हवामान कोरडं होत गेलं. चौकोनी ऐसपैस घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या आणि इ.स.पू. ७०० च्या सुमाराला वस्ती उठली. म्हणजे पाणी माणसाला बसवतं आणि उठवतंही.

आता नळ आला, मोटर आली, रस्ता आला. पाण्याचं आणि चोरांचं बंधन सैल झालं, म्हणून घरं मळ्यात गेली. यात काकांचं चुकलं असं मला वाटत नाही. पण जमीन काही बदलली नाही ना!

हे मला कळलं ते सॉइल मेकॅनिक्सच्या लॅबमध्ये. चाळलेली कोरडी काळी माती १० मिली घेऊन एका सिलिंडरमध्ये रॉकेलात टाकली, दुसऱ्यात पाण्यात. २४ तासांनी पाहिलं तर रॉकेलात ती १० मिलीच आणि पाण्यात १८! म्हणजे ८० टक्के फुगली. या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. त्याच्या थरांमध्ये पाणी शिरलं की माती फुगते, वाळली की आकसते. पावसाळ्यात पाया वर ढकलला जातो, उन्हाळ्यात खाली बसतो, तोही सगळीकडे सारखा नाही. मग भिंत तडकते. वर्षानुवर्षं "काळीत राहू नये" म्हणणाऱ्यांना खनिजाचं नाव माहीत नव्हतं, एवढंच.

उपाय आहेत. काळी माती काढून मुरूम भरता येतो, किंवा हंगामी ओल पोचत नाही इतक्या खोलवर अंडर-रीम्ड पाइल नेता येतात. पण त्यासाठी आधी खड्डा घेऊन माती तपासावी लागते. काकांच्या ठेकेदाराने ती तपासलीच नव्हती. तीन फूट खणून पाया भरून मोकळा!

सुट्टीत मी आजोबांना सिलिंडरचा प्रयोग समजावून सांगितला. ते म्हणाले, "अगं, हे आधी शिकली असतीस तर काकाचे पैसे वाचले असते."

खरं आहे. उद्या आपल्यापैकी कितीतरी जण कुणाच्या तरी घराची, नाहीतर अख्ख्या कॉलनीची जागा ठरवतील. तेव्हा माती तपासाच, आणि गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसालाही विचारा... जुनं गाव तिथेच का बसलं?