पाठ १२ : लाडू न घालता बॅग जड कशी झाली?

वाचण्यापूर्वी

घरात वजन करायची कोणकोणती साधनं आहेत, ते शोधा. स्वयंपाकघरात एखादं असेल, बाथरूममध्ये एखादं असेल. त्यांच्यावर किलो लिहिलंय की पौंड? (१ पौंड म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम.)

वाचा

समजा, सुट्टी संपली आहे आणि तुम्ही मुंबईहून लंडनला परत निघाला आहात. विमानात २३ किलोची बॅग चालते. आजीने डबा भरून बेसनाचे लाडू दिले आहेत. आई म्हणते, "आधी काट्याला लाव बघू ती बॅग!" तुम्ही हुकाचा काटा घेता, बॅग अडकवता आणि उचलता. बरोबर २३.०० किलो! आई खूश आणि आजी तर त्याहून खूश.

लंडनच्या घरी पोचल्यावर तुम्ही बॅग न उघडताच तीच बॅग त्याच काट्याला पुन्हा लावता. काटा अगदी अचूक आहे असं धरू या. आता आकडा येतो २३.०६. म्हणजे ६० ग्रॅम वाढले! एका मोठ्या लाडवाइतके. पण बॅग तर कोणी उघडलीच नाही. मग हा लाडू आला कुठून?

दोन गोष्टी, एकच शब्द

रोजच्या बोलण्यात आपण "वजन" हा एकच शब्द वापरतो. विज्ञानात मात्र इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे वस्तुमान. वस्तूत एकूण पदार्थ किती आहे, ते वस्तुमान सांगतं. ते किलोग्रॅममध्ये मोजतात. बॅग मुंबईत असो, लंडनला असो की चंद्रावर, तिच्यातलं काही काढलं नाही आणि काही घातलं नाही, तर वस्तुमान तेवढंच राहतं.

दुसरी गोष्ट म्हणजे वजन. पृथ्वी त्या वस्तूला किती जोराने खाली ओढते, ते वजन. ही ओढ न्यूटनमध्ये मोजतात. साधारण १०० ग्रॅमचं सफरचंद तळहातावर ठेवा. हाताला जो भार जाणवतो, तो सुमारे १ न्यूटन.

आता आपल्या बॅगेकडे येऊ. पृथ्वीची ओढ सगळीकडे अगदी सारखी नसते. पृथ्वी स्वतःभोवती फिरते आणि ध्रुवांजवळ ती थोडी चपटी आहे. त्यामुळे विषुववृत्तावर ओढ थोडी कमी पडते आणि ध्रुवांकडे जावं तशी वाढते. १ किलो वस्तूला पृथ्वी मुंबईत सुमारे ९.७९ न्यूटन जोराने ओढते, तर लंडनमध्ये सुमारे ९.८१ न्यूटन. फरक अगदी लहान आहे, पण २३ किलोच्या बॅगेसाठी तो एका लाडवाएवढा होतो!

हुकाच्या काट्याला बॅगेतले लाडू दिसत नाहीत. त्याला फक्त ओढ कळते. तो ओढ मोजतो आणि त्यावरून किलोचा आकडा दाखवतो. जागा बदलली की ओढ बदलते, म्हणून आकडाही बदलतो. बॅग मात्र तीच असते.

भाजीवाल्या मावशींचा तराजू

आता दुसरं साधन बघू. भारतात भाजी बाजारात अजूनही कुठे कुठे दोन पारड्यांचा तराजू दिसतो. मावशी एका पारड्यात अर्ध्या किलोचं माप ठेवतात आणि दुसऱ्यात भेंडी टाकत जातात. दोन्ही पारडी समान झाली, की झाली अर्धा किलो भेंडी.

हा तराजू लंडनला नेला तर? तिथे भेंडीवरची ओढ थोडी वाढेल, पण मापावरची ओढसुद्धा तेवढीच वाढेल. पारडी समानच राहतील! चंद्रावर नेला तरी तेच होईल. चंद्राची ओढ पृथ्वीच्या साधारण सहाव्या हिश्शाएवढी आहे. तुमच्या हुकाच्या काट्यावर २३ किलोची बॅग तिथे ४ किलोपेक्षाही कमी दाखवेल. मावशींच्या तराजूवर मात्र अर्धा किलो भेंडी अर्धा किलोच राहील, कारण तराजू एका वस्तुमानाची दुसऱ्या वस्तुमानाशी तुलना करतो.

याने काय फरक पडतो?

भेंडीच्या बाबतीत फारसा पडत नाही. पण सोनं असेल तर? लंडनमध्ये जुळवलेला इलेक्ट्रॉनिक काटा तसाच मुंबईला आणला, तर १०० ग्रॅम सोनं जवळजवळ पाव ग्रॅम कमी दाखवेल. कोणाचं तरी नुकसान होणारच. म्हणून असा नाजूक काटा जिथे वापरायचा, तिथेच प्रमाणित माप ठेवून जुळवून घेतात. भारतात दुकानदारांचे काटे सरकारी खात्याकडून तपासून घ्यावे लागतात आणि त्यांवर शिक्का मारला जातो.

अंतराळवीरांसाठी तर हा तब्येतीचा प्रश्न आहे. अंतराळात बरेच दिवस राहिलं की स्नायू आणि हाडं कमकुवत होतात, म्हणून शरीराचं वस्तुमान नियमित तपासावं लागतं. पण अंतराळ स्थानकात माणूस आणि काटा दोघंही पृथ्वीभोवती फिरताना एकत्रच खाली पडत असतात. माणूस काट्यावर दाबच देत नाही, म्हणून काटा शून्य दाखवतो. यावर १९७३ साली स्कायलॅब या स्थानकात एक युक्ती वापरली गेली. अंतराळवीर स्प्रिंग लावलेल्या खुर्चीत बसायचा आणि खुर्ची मागेपुढे हलायची. वस्तुमान जास्त असेल तर खुर्ची सावकाश हलते, कमी असेल तर भरभर. हलायला किती वेळ लागतो ते मोजलं, की वस्तुमान कळतं!

भाषेकडे लक्ष द्या

- बाजारात "या भेंडीचं वस्तुमान किती?" असं विचारू नका. मावशी हसतील! तिथे म्हणायचं, "मावशी, अर्धा किलो भेंडी द्या." रोजच्या बोलण्यात "वजन" म्हणणं चूक नाही. विज्ञानाच्या तासाला मात्र दोन शब्द वेगळे ठेवा.
- "त्यांच्या शब्दाला वजन आहे" म्हणजे लोक त्यांचं ऐकतात.
- "आपल्या संघाचं पारडं जड आहे" म्हणजे आपला संघ जिंकण्याची शक्यता जास्त आहे.
- रूप बदलतं ते पाहा: लाडू – लाडवाचा, पारडं – पारड्यात, काटा – काट्याला.

शब्दार्थ

- ओढ (स्त्री.) – आपल्याकडे खेचण्याचा जोर
- पारडं (न.) – तराजूची थाळी
- माप (न.) – इथे अर्थ: तराजूत ठेवायचा ठरलेल्या वजनाचा तुकडा
- अचूक – चूक नसलेलं, अगदी बरोबर
- विषुववृत्त (न.) – पृथ्वीच्या बरोबर मधून जाणारी कल्पित रेषा
- जुळवणे – आकडा बरोबर येईल असं करणे

प्रश्न

१. लंडनमध्ये बॅगेचं काय बदललं आणि काय बदललं नाही?
२. हुकाचा काटा आणि तराजू यांच्यात फरक काय?
३. "मी चंद्रावर गेलो तर बारीक होईन," असं मित्र म्हणाला. त्याला दोन वाक्यांत उत्तर द्या.
४. मुंबईत जुळवलेला काटा लंडनला नेला, तर १०० ग्रॅम सोनं जास्त दाखवेल की कमी? का?

करून पाहा

लवचिक फूटपट्टीचं एक टोक टेबलावर घट्ट दाबून धरा आणि बाकीची पट्टी बाहेर राहू द्या. बाहेरचं टोक खाली दाबून सोडा. आता त्या टोकाला चिकटपट्टीने दोन-तीन नाणी लावा आणि पुन्हा सोडा. पट्टी आधीपेक्षा भरभर हलते की सावकाश? हे अंतराळवीरांच्या खुर्चीसारखं कसं आहे, ते घरच्यांना मराठीत समजावून सांगा. वाटलं तर आजीला फोन करून सांगा, आणि लाडवाची गोष्टही सांगायला विसरू नका.