वाचकांचे प्रश्न : एका हातात पॉलिश आणि वॅक्स, पैसे नेमके कशाचे?

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच विषयावरची आहेत. तिन्ही यवतमाळ जिल्ह्यातली. पहिले पत्र गाडीमालकाचे, दुसरे नुकसान सोसलेल्या ग्राहकाचे आणि तिसरे या धंद्यात उतरू पाहणाऱ्या तरुणाचे. त्यामुळे तिन्हींची उत्तरे एकत्र देणे सोयीचे ठरेल.

प्रश्न १ : वणीच्या एका वाचकांकडे चार वर्षे जुनी काळी गाडी आहे. उन्हात तिच्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे दिसतात. एका डिटेलिंग सेंटरने त्यांच्यापुढे दोन पर्याय ठेवले : आधी कंपाउंडने रबिंग, मग पॉलिश आणि वर कोटिंग, किंवा मशीनने एकाच हातात पॉलिश आणि वॅक्स, म्हणजे ‘वन-स्टेप’. वन-स्टेपला निम्म्याहून कमी पैसे लागतात. स्वस्त पडते म्हणून ते घ्यावे का?

उत्तर : घ्यावे, पण स्वस्त पडते म्हणून नव्हे. वणी परिसरात वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणी आणि कोळशाची वाहतूक आहे. तिथल्या गाडीवर रोज बारीक, खरखरीत धूळ बसते. सकाळी कोरडे फडके मारले की ती धूळच रंगावर घासली जाते आणि जाळे उमटते. म्हणजे आज हजारो रुपये खर्चून गाडी आरशासारखी केली आणि फडक्याची सवय तशीच राहिली, तर काही महिन्यांत जाळे परत येणार.

दुसरे कारण रंगाच्या जाडीचे. गाडीच्या रंगावर जो पारदर्शक थर असतो, त्याला क्लिअर कोट म्हणतात. तो साधारण ३५ ते ५० मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही पातळ असतो. प्रत्येक रबिंगमध्ये तो थोडा झिजतो आणि झिजलेला थर कुठलेही पॉलिश परत आणून देत नाही. वन-स्टेपमध्ये घासणारे कण बारीक असतात. ते हलके ओरखडे कमी करतात आणि त्याच द्रावणातले वॅक्स किंवा पॉलिमर वर राहते. जी गाडी रोज धुळीत जाणार, तिचा थर राखणे हे शंभर टक्के ओरखडे काढण्यापेक्षा महत्त्वाचे.

मात्र वन-स्टेपची मर्यादा ओळखायला हवी. ज्या रेघेत नख अडकते, ती रेघ याने जात नाही. मॅट रंगाच्या गाडीला तर हे लावूच नये. शिवाय काही द्रावणांत तेलकट घटक असतात. ते ओरखडा काढत नाहीत, बुजवतात. चार धुण्यांत तो पुन्हा वर येतो. ग्राहक फसतो तो इथेच.

यावर सोपी चाचणी आहे. बॉनेटवर दोन फूट लांब, दोन फूट रुंद चौकोन पट्टी लावून आखायचा आणि तेवढ्याच भागावर आधी मशीन चालवायला सांगायचे. मग पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने तो भाग पुसायचा आणि मोबाइलचा टॉर्च तिरपा धरायचा. पुसल्यावरही जाळे कमी दिसले, तर चमक घासून आली आहे. पुसताच जाळे परत दिसू लागले, तर ती बुजवलेली आहे. ही चाचणी करून दाखवायला जो तयार नसेल, त्याच्याकडे गाडी देऊ नये.

वॅक्स निवडताना नाव ऐकून भुलू नये. कार्नौबा हे ब्राझीलमधल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरचे मेण. काळ्या रंगावर ते सुंदर दिसते, पण उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीवर काही आठवडेच टिकते. विदर्भाच्या उन्हात पॉलिमर सीलंट असलेले वन-स्टेप द्रावण अधिक काळ साथ देते. काम सावलीत आणि पत्रा थंड असतानाच करून घ्यावे, कारण तापलेल्या पत्र्यावर द्रावण लगेच वाळते आणि डाग धरते.

प्रश्न २ : यवतमाळच्या एका वाचक भगिनींच्या गाडीला मशीन मारताना दाराच्या कडेचा रंग उडाला आणि खालचा प्रायमर दिसू लागला. दुकानदाराने पावतीवरचा ‘गाडी मालकाच्या जबाबदारीवर’ हा शिक्का दाखवून हात वर केले. शिक्का मारला की जबाबदारी संपते का?

उत्तर : नाही. गाडीची किल्ली कामासाठी दुकानदाराच्या हाती दिली की १८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार तो ‘निक्षेप’ होतो. कलम १५१ प्रमाणे सामान्य समजूतदार माणूस स्वतःच्या वस्तूची जितकी काळजी घेईल, तितकी दुकानदाराने त्या गाडीची घ्यायची असते. दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलमध्ये १९९८ साली पाहुण्याने पार्किंगसाठी सोपवलेली मारुती झेन चोरीला गेली. हॉटेलनेही ‘मालकाच्या जबाबदारीवर’ याच अटीकडे बोट दाखवले होते. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये स्पष्ट केले, की स्वतःचा निष्काळजीपणा अशा अटीच्या आड लपवता येत नाही. ते प्रकरण चोरीचे होते आणि इथे रंग उडाला आहे. तरी तत्त्व तेच लागू पडते.

कडेला आणि वळणावर रंग मुळातच पातळ बसतो. म्हणून जाणकार कारागीर तिथे चिकटपट्टी लावतो किंवा मशीन हलके चालवतो. रोटरी मशीन एका जागी थांबले, तर उष्णतेने रंग जळतो. डबल अ‍ॅक्शन मशीनमध्ये हा धोका बराच कमी. ही काळजी घेतली नव्हती, हे दाखवता आले की ती २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली ‘सेवेतील त्रुटी’ ठरू शकते.

या वाचक भगिनींनी आधी लेखी नोटीस द्यावी आणि कडेचे फोटो व कंपनीच्या वर्कशॉपमधून घेतलेला रंगकामाचा अंदाजखर्च सोबत जोडावा. दाद न मिळाल्यास यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. दुकान दुसऱ्या जिल्ह्यात असले, तरी तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगात जाता येते. मोबदला ५ लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही आणि वकील सक्तीचा नाही. तक्रार ई-जागृती पोर्टलवरूनही दाखल होते. मुदत दोन वर्षांची आहे. पण फोटो आणि पावती आजच जपून ठेवावी. दुकानदाराने बिलच दिले नाही, तर तीही याच कायद्याच्या कलम २(४७) मध्ये ‘अनुचित व्यापार प्रथा’ आहे.

प्रश्न ३ : पुसदच्या एका तरुणाला स्वतःचे डिटेलिंग सुरू करायचे आहे. वन-स्टेपची कोणती बाटली घ्यावी, मशीन खराब निघाले तर ग्राहक आयोगात जाता येईल का आणि जीएसटीचे काय, असे त्याने विचारले आहे.

उत्तर : बाटलीची किंमत नव्हे, गाडीमागे येणारा खर्च काढावा. समजा, एक लिटरची एक बाटली २,४०० रुपयांना आहे आणि एका गाडीला १०० मिली लागते. खर्च २४० रुपये. दुसरी १,६०० रुपयांना आहे, पण पटकन वाळत असल्याने २०० मिली लागते. खर्च ३२० रुपये. स्वस्त बाटली महाग पडली, वर पॅड लवकर भरले आणि पुसण्यात वेळ गेला तो वेगळाच. म्हणून आधी लहान बाटली घेऊन दोन-तीन वेगवेगळ्या रंगांच्या गाड्यांवर हिशेब करावा. डब्यातून ओतून दिलेला, लेबल नसलेला माल घेऊ नये. पॅकबंद मालावर उत्पादकाचे किंवा आयातदाराचे नाव-पत्ता, निव्वळ प्रमाण, महिना-वर्ष आणि सर्व करांसह कमाल किंमत असणे वैधमापन नियमांनुसार बंधनकारक आहे. आयात मालावर मूळ देशही लिहिलेला हवा.

मशीनबद्दल त्याने निर्धास्त राहावे. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूबाबत सहसा ग्राहक आयोगात जाता येत नाही. पण पोट भरण्यासाठी स्वतः राबून वापरायची वस्तू असेल, तर कायदा त्याला ग्राहकच मानतो. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच सांगितले, की स्वतः चालवायला लेथ मशीन घेणारा माणूस ग्राहक आहे आणि मदतीला एक-दोन माणसे ठेवली म्हणून त्याचा हा हक्क जात नाही. बिल मात्र स्वतःच्या नावाने, मशीनच्या क्रमांकासह घ्यावे.

सेवा व्यवसायाची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल, तर सहसा जीएसटी नोंदणी लागत नाही. मग ग्राहकाकडून कर म्हणून एक रुपयाही घेता येत नाही. नियमित नोंदणी केल्यास या सेवेवर १८ टक्के कर लागतो. महाराष्ट्रातला जीएसटी क्रमांक १५ अंक-अक्षरांचा असतो आणि २७ ने सुरू होतो. ग्राहकानेही बिलावर तो पाहावा. भांडवलासाठी मुद्रा योजनेच्या ‘शिशु’ गटात ५० हजारांपर्यंत विनातारण कर्ज मिळते. मशीन, पॅड, मायक्रोफायबर कापडे आणि पहिल्या काही बाटल्यांपासून सुरुवात करायला हा गट पाहावा.

तिन्ही पत्रलेखकांना आणि इतर वाचकांनाही एकच विनंती. किल्ली देण्यापूर्वी किंवा घेण्यापूर्वी गाडीच्या चारही बाजूंचे फोटो काढावेत. पावतीवर द्रावणाचे नाव, मशीनचा प्रकार आणि काम किती हातांत होणार हे लिहून घ्यावे. अडचण आलीच, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते.